खालच्या बोटीचा हक्क

मामाजी, तुमच्या तेरवीला जो आला तो एकच गोष्ट सांगून गेला, देवरामभाऊंनी जन्मात कोणाची वाट अडवली नाही. मोहन नगरच्या आत्याबाई म्हणाल्या, वैशाली नगरचे शेजारी म्हणाले, तुमच्याबरोबर स्टील प्लांटमधून रिटायर झालेले क्रेन ऑपरेटर तर हात जोडून म्हणाले. मी पंगतीत बुंदी वाढत होते. रडू येत होतं आणि मधूनच हसूही येत होतं, आणि सुतकातल्या घरात सुनेनं हसायचं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा तर वाटलं, पातेलं खाली ठेवावं आणि सांगून टाकावं की अहो, हा माणूस दर रविवारी मरोद्याच्या तलावावर लोकांच्या वाटा अडवत होता, तेही तीस वर्षं आणि अगदी खुशीनं.

तशी ती माणसं खोटं बोलत नव्हती. जमिनीवर तुम्ही तसेच होता. जुनवानीच्या वळणावर स्कूटर थांबवून तुम्ही ट्रक, ऑटो, सायकली, गाई, सगळ्यांना हातानं ‘जाऊ द्या, जाऊ द्या’ करायचात आणि मागे बसलेली मी घड्याळ बघत बसायचे. शेवटची पोळी तुम्ही कधी घेतली नाही. लग्नात फोटो काढताना इतके मागे सरकायचात की अर्ध्या फोटोंत तुमचं फक्त कपाळ आहे. पण शिडाच्या बोटीत बसलात की तुमचा आवाजच बदलायचा. रेस सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत मी जो माणूस पाहिला तो तेरवीला आलेल्या एकालाही माहीत नव्हता, एक साहूजी सोडून.

साहूजी तेरवीला जेवले नाहीत. कोपऱ्यात बसून राहिले. तुमच्याशी तीस वर्षं रेसमध्ये भांडलेला माणूस, आणि त्या दिवशी त्यांना कोणाशी काय बोलावं ते कळत नव्हतं. निघताना मला म्हणाले, “बहू, इतवार को आओगी?” मी म्हटलं, बघते.

बघते म्हटलं, कारण खरंच ठरलं नव्हतं. सात नंबरची बोट क्लबची, फक्त तुमच्या नावावर दिलेली. आता तुमच्या जागी कोणाचं नाव लिहायचं ते क्लबला कळवायचं होतं, नाहीतर बोट दुसऱ्या कोणाला तरी जाणार. नितीन म्हणाला, “देऊन टाक ना. बाबा नाहीत त तू कोनासोबत जाशील? और तेरा तो बाबा के साथ का शौक था.” तुमच्या मुलाचं हे वाक्य मला लागलं. लागलं कारण मलाही तीच शंका होती. दहा वर्षं मी तुमच्या बोटीत बसले. पण मी स्वतः शिडाची बोट चालवणारी आहे की तुमच्या बोटीतली पाहुणी आहे, हे मी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

रायपूरहून या घरात आले तेव्हा सासऱ्यानं नव्या सुनेला पहिला प्रश्न काय विचारावा? “बेटा, तुले पोहता येते का?” पाहुणे बसले होते, आई पोह्यांची बशी घेऊन उभ्याच राहिल्या. मी मान हलवली. दुसरा प्रश्न त्याहून वाईट. “वजन किती आहे?” तुमच्याबरोबर बोटीत बसणारे गृहस्थ मुलाकडे राहायला गेले होते आणि तुम्हाला हलकं माणूस हवं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. नितीन लहानपणी एकदा बोटीसकट उलटला होता, तेव्हापासून तो तलावाकडे पाठ करून भजी खायचा. मग राहिले मी.

मला नियम शिकवले ते हॉलमध्ये. मे महिना, बाहेर लाही होतेय, आत कूलर चालू. तुम्ही घरातल्या सगळ्यांच्या चपला आत मागवल्या. कूलर म्हणजे वारा. टीपॉय म्हणजे झेंडा लावलेली लाँच, जिथून भोंगा वाजतो. पलीकडे उपडी बादली, ते पाण्यावर तरंगणारं पिंप. दोन्हींच्या मधली रेघ ही स्टार्ट लाइन. नितीनचा बूट म्हणजे साहूजी.

“हे पाह्य,” तुम्ही म्हणालात, “बोटीले ब्रेक नसते. पाच मिनिटं आधी पहिला भोंगा. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत रेघ ओलांडायची नाई. ओलांडली त वापस ये, सगळ्यांले रस्ता देत देत, अन् पुन्हा जाय.”

“मग सगळे मागे थांबून राहतात का?”

“थांबता येत असतं त मजा काय होती?”

उभी न राहणारी बोट रेघेच्या मागे घोटाळवत ठेवायची, आणि भोंगा वाजायच्या क्षणाला ती रेघेवर असली पाहिजे, तीही वेगात. तुम्हाला ते जमायचं कारण तुम्ही आयुष्यभर क्रेन चालवली. लटकता लोड ब्रेक लावल्यावर कुठवर झुलतो ते ज्याच्या अंगात मुरलंय त्याला बोट किती पुढे सरकेल ते विचारावं लागत नाही. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा आठवी पास मुलगा, तलावावर आलेल्या नौदलातल्या रिटायर साहेबांपेक्षा चांगला स्टार्ट घ्यायचा, याचं गुपित एवढंच होतं. ते साहेब स्वतःच तसं म्हणायचे, असं तुम्ही मला वर्षातून चारदा तरी सांगितलं असेल.

आणि मग तो नियम. दोन चपला एकाच दिशेला तोंड करून शेजारी ठेवल्यात, एक कूलरच्या जवळ, एक लांब. “जे वाऱ्याच्या जवळ ते वरची बोट. जे दूर ते खालची. वरच्यानं हटायचं. खालच्याचा हक.”

“पण का?”

“कावून म्हंजे? वरच्याले वारा आधी भेटते ना. ज्याले आधी भेटलं त्यानं दुसऱ्याले रस्ता द्यायचा.”

मी शाळेत गणित शिकवते. कारण नसलेला नियम मला खपत नाही. नंतर संध्याकाळी तुम्ही मला नियमांचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला लावायचात. मी मराठी करून सांगायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मधेच “चुकलं, पुन्हा वाच” म्हणायचात. इंग्रजी येत नसताना माझी चूक तुम्हाला कळायची. त्या पुस्तकात मी तुमचं कारण शोधलं. ते कुठेच नव्हतं. नियम होता, कारण नव्हतं. मला अजूनही पुस्तकापेक्षा तुमचं कारणच खरं वाटतं.

साहूजींची खोड वेगळी होती. ते शेवटच्या मिनिटाला वरून यायचे आणि खालची बोट आणि झेंड्याची लाँच यांच्या मधल्या फटीत घुसायचे. ती जागा रेघेवरची सगळ्यात चांगली. नियमानं घुसणाऱ्याला तिथे जागा मागता येत नाही. खालच्यानं सुकाणूचा दांडा लोटायचा, बोट वर, वाऱ्याकडे घ्यायची, फट बुजवून टाकायची. तुम्ही याला ‘दार लावणं’ म्हणायचात. तुमची बोट साहूजींच्या बोटीपासून वीतभर अंतरावर, तुम्ही “ऊपर! ऊपर!” करून ओरडताय, साहूजी “पागल हो गया है क्या, बोरकर!” करून ओरडतायत, आणि मी मधे शिडाची दोरी धरून देवाचं नाव घेतेय. पण धक्का कधी लागला नाही. हक्क आपला असला तरी लागू द्यायचं नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं. शेवटच्या क्षणी कोणीतरी वळायचं, आणि बहुतेक वेळा साहूजीच वळायचे. मग त्यांचा प्रोटेस्ट, मग शेडमध्ये कमिटीपुढे सुनावणी, मग दोघं एकाच प्लेटमधून मिरची भजी खाणार.

एकदाच तुमची फजिती पाहिली. रेस दुपारी दोनची होती, पण लाँचचं काहीतरी बिनसलं आणि दोन वाजले तरी शेवटच्या भोंग्याला चांगली तीन मिनिटं उरली होती. तेवढ्यात प्लांटचा दोनच्या शिफ्टचा भोंगा झाला. तीस वर्षांची सवय. तुम्ही शीड ओढलं आणि सुटलात. पन्नास हात पुढे जाऊन मागे बघून म्हणालात, “पाह्य मंजू, कोनी आलंच नाई!” मी म्हटलं, “मामाजी, तो प्लांटचा होता.” परत येताना तुमचे कान लाल झाले होते आणि साहूजी लांबून विचारत होते, “बोरकर, सेकंड शिफ्ट है क्या आज?” ही गोष्ट मी तेरवीला नितीनला सांगितली, पहिल्यांदाच. तो तोंडावर रुमाल धरून आत निघून गेला.

आता त्या दिवसाचं बोलायला हवं. तुम्ही असताना बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमचा खांदा धरला. जेटीवर तुम्ही एकाएकी म्हणालात, “आजपासून तू चालव. मी तुझा क्रू.” शेवटच्या मिनिटापर्यंत मी छान आले. लाँचच्या जवळची जागा मिळाली होती, खाली थोड्या अंतरावर क्लबातल्या डॉक्टरबाईंची बोट होती. आणि साहूजी वरून घुसायला निघाले. तुम्ही म्हणालात, “दार लाव.” मी पाहिलं, पांढऱ्या केसांचा म्हातारा माणूस, डोक्यावर टोपी, सरळ माझ्या अंगावर येतोय. तुम्ही पुन्हा म्हणालात, “मंजू, हक तुझा आहे. दार लाव!” आणि मी दांडा उलटा ओढला. बोट खाली वळवली. साहूजींना रस्ता दिला.

खाली डॉक्टरबाई होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. आपल्या बोटीचं नाक त्यांच्या बोटीच्या कडेला घासलं. त्यांच्या दृष्टीनं मी वरची बोट, हटायचं मी, आणि मीच त्यांच्यावर जाऊन आदळले. शिक्षा म्हणून जागेवर दोन पूर्ण गिरक्या मारायला लागल्या. तोवर सगळे गेले होते. उरलेल्या रेसमध्ये तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फक्त दोरी ओढ म्हटलं की ओढत होता, मी सांगितलेलं निमूटपणे ऐकत होता, आणि ते मला जास्त लागत होतं.

रात्री जेवताना भांडणाला तोंड फुटलं. मी म्हटलं, “साहूजींना लागलं असतं तर? सत्तरीचा माणूस आहे तो.”

“मी का पंचविशीचा आहो?”

“तुम्ही बोटीत होता म्हणूनच तर! तुमचा खांदा दुखतोय, धक्का बसला असता...”

तुम्ही घास खाली ठेवलात. “साहूले तूनं वाट देली. ते तुझी होती, देली त देली. पन डॉक्टरबाईची वाट कावून देली? ते का तुझी होती?”

उत्तर नसलं की मी चिडते, हे माझ्या वर्गातल्या पोरांनाही माहीत आहे. मी म्हटलं, माणुसकी म्हणून काही असतं की नाही? तुम्ही म्हणालात, “जमिनीवर कर ना माणुसकी, कोन नाई म्हनते? पान्यावर बाजूच्याले समजलं पायजे तू काय करून राहिली. तू सगळ्यांले वाट देत जाशीन त कोनालेच समजनार नाई तू कुठी चालली.” मी ताट उचललं आणि निघून गेले. सासऱ्यासमोरून भरलं ताट घेऊन उठणं, आईंना अजून त्याचं वाईट वाटतं.

नंतर आपण बोलायला लागलो, पण तो विषय दोघांनीही कडेला ठेवला. दोनतीनदा तुम्ही चहा पिता पिता “मंजू, त्या दिवशीचं...” म्हणून सुरुवात केलीत आणि कप खाली ठेवून पेपर उघडलात. मला वाटलं, पुन्हा रागवायचंय. मी लगेच उठून कामाला लागायचे. खरं तर दोन दिवसांतच मला पटलं होतं की तुमचं बरोबर आहे. घुसणाऱ्याला जागा देऊन मी जिचा काही दोष नाही तिला धडक दिली, आणि वर त्याला माणुसकी म्हटलं. पण ‘तुमचं बरोबर होतं’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. म्हटलं, सांगू कधीतरी.

मग दवाखान्यातले ते अकरा दिवस. तोंडात नळी. तुम्ही डाव्या हातानं चादर पुढे लोटत राहायचात, एकसारखी. नर्सला वाटायचं पाणी हवंय, नितीनला वाटायचं गरम होतंय. मला ठाऊक होतं, तुम्ही दांडा लोटताय, बोट वर घेताय. मी हात धरून बसले. सांगायचं ते तेव्हाही सांगितलं नाही, कारण तेव्हा कबूल केलं असतं तर तुम्ही जाताय हेही कबूल केल्यासारखं झालं असतं. तुम्ही गेलात सकाळी, मी घरी आंघोळीला आले होते तेव्हा. याची रुखरुख मला जन्मभर राहणार आहे, मामाजी. ती जाईल असं मला कोणी सांगू नये.

रविवारी मी गेले. एकटीला दोघांची बोट चालवता येत नाही, म्हणून शाळेतल्या कोणाला तरी न्यावं म्हणत होते, तर नितीन लाइफ जॅकेट घालून स्कूटरपाशी उभा. घरूनच घालून निघाला होता. सगळ्या सेक्टरमधून आम्ही तसेच गेलो, नारिंगी जॅकेट घातलेला तुमचा मुलगा मागे बसलेला. बोटीत पाय ठेवताना त्यानं फक्त डोळे मिटले.

सहा बोटी होत्या. पाच मिनिटांचा भोंगा झाला, चारचा झाला. सगळे फिरत होते, मीही फिरत होते, आणि मला जरा चमत्कारिक वाटायला लागलं. आवाजच नव्हता. कोणी ओरडत नव्हतं. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा मी लाँचकडे पाहिलं. तिच्या शेजारची जागा, जिच्यासाठी तुम्ही तीस वर्षं भांडलात, ती मोकळी होती. डॉक्टरबाईंनी शीड सैल सोडून बोट मागेच ठेवली होती. बाकीचे रेघेच्या खालच्या टोकाला दाटीवाटीनं गेले होते. आणि साहूजी, नेहमी घुसणारे साहूजी, लाँचपासून एका बोटीच्या लांबीइतके दूर राहून मला हातानं बोलावत होते. “आओ बहू. आ जाओ.”

माझे डोळे भरून आले. किती चांगली माणसं आहेत ही. तुमच्या आठवणीला त्यांनी तलावावरची सगळ्यात चांगली जागा दिली होती. मी नुसतं सरळ गेले असते तरी पहिली निघाले असते. कदाचित पहिली आलेही असते, कारण पुढेही मला कोणी अडवणार नव्हतं. आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मी क्लबला बोट परत केली असती, आणि ते सगळ्यांना योग्यच वाटलं असतं. मलाही.

चाळीस सेकंद उरले होते. त्या चांगुलपणाचा मला एकाएकी इतका राग आला की सांगता येत नाही. मी दांडा ओढला, खाली वळले, साहूजींच्या मागून गेले आणि त्यांच्या खालून वर आले. आता खालची बोट मी होते. वरचे ते.

“साहूजी, ऊपर!”

त्यांना वाटलं माझा ताबा गेला. “बहू, उधर, उधर जगह है!”

“ऊपर जाओ, साहूजी! ऊपर!”

“अगं, पागल झाली का?” नितीन बोटीच्या तळातून म्हणाला. “वो जगह दे रहे हैं ना!”

“दोरी ओढ,” मी म्हटलं, आणि त्यानं ओढली.

साहूजींचं तोंड उघडंच राहिलं. मी वर येत होते, माझं नाक त्यांच्या कडेपासून हातभर, त्यांना हटणं भाग होतं. ते हटले. हटत हटत लाँच समोर आली आणि तिच्या चुकीच्या बाजूनं त्यांना जावं लागलं. भोंगा वाजला. लाँचवरचा झेंडा माझ्या डोक्यावरून गेला. आणि मागून तो आला, तीस वर्षं तुमच्यावर ओरडून घोगरा झालेला आवाज, “प्रोटेस्ट! सात नंबर! प्रोटेस्ट!”

मामाजी, मी रडत होते आणि हसत होते, आणि नितीन दोन्ही हातांनी दोरी धरून विचारत होता, “क्या हुआ, क्या हुआ?” आम्ही तिसरे आलो. उरलेल्या रेसभर कोणी मला जागा दिली नाही. डॉक्टरबाईंनी तर वळणाच्या पिंपाशी माझ्यावर असा काही आवाज चढवला की त्या रोज पेशंट तपासतात यावर विश्वास बसू नये.

शेडमध्ये साहूजींनी प्रोटेस्टचा फॉर्म घेतला आणि भराभरा लिहायला लागले. मी समोर उभी होते. ‘कोणाविरुद्ध’ या रकान्यात त्यांनी सवयीनं लिहिलं, देवराम बोरकर. लिहून झाल्यावर पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि फक्त ‘देवराम’ वर रेघ मारून शेजारी ‘मंजूषा’ लिहिलं. ‘बोरकर’ तसंच राहू दिलं.

सुनावणी मी हरले. हे तुम्हाला आवडणार नाही, पण कमिटीचं बरोबर होतं. मागून येऊन खालून हक्क मिळवला हे ठीक, पण समोरच्याला हटायला वेळ द्यायला हवा होता, आणि मी रागात फार झटकन वर आले. माझी रेस बाद. गणिताच्या बाईंना शून्य.

मग साहूजींनी मिरची भजी मागवली आणि प्लेट माझ्यापुढे सरकवली. मला राहवलं नाही. तुम्हाला सांगायचं राहिलेलं मी त्यांना सांगितलं. म्हटलं, गेल्या हिवाळ्यात तुम्ही वरून घुसलात तेव्हा मी दार लावायला हवं होतं. मामाजींचं बरोबर होतं आणि मी ते त्यांना कधी बोलले नाही.

साहूजी भजं हातात धरून बसले. “उस दिन मुझे उसी ने भेजा था, बहू.”

मला कळेना.

“बोरकर ने। बोला, मेरे बाद बोट यही चलाएगी। सब इसको जगह देंगे, बहू है करके, और ये भी सबको जगह देती फिरेगी। तू एक बार ऊपर से घुस, देखें दरवाज़ा बंद करती है क्या। तू आखिर में मुड़ जाना, बोला। मैं तो मुड़ने ही वाला था, तुमने पहले ही रास्ता दे दिया।” मग खाली बघून म्हणाले, “डॉक्टर मैडम को लग गई, तो फिर उसको शरम आई। मुझसे बोला, बहू को बताऊँगा। बताया नहीं?”

नाही. बताया नाही. चहाचा कप खाली ठेवून पेपर उघडला.

तर मामाजी, आपलं भांडण आता पुरतं मिटलंय असं समजू नका. तुमचं बरोबर होतं, हे मी इथे लिहून दिलं. पण मुद्दाम नियम मोडायला माणूस पाठवायचा, तोही सुनेवर, आणि वर तिच्याशी अख्खी रेस अबोला धरायचा, हे कुठल्या पुस्तकात बसतं? तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला त्या शेडमध्ये कमिटीपुढे उभं केलं असतं, आणि तुम्ही लाल कानांनी “हाव बेटा, चुकलं” म्हणाला असता. ते ऐकायला मी काहीही दिलं असतं. प्रोटेस्ट रेस संपल्यावर तासाभरात द्यायचा असतो. आपण दोघांनीही तो तास घालवला.

काल क्लबात जाऊन सात नंबरपुढे माझं नाव लिहून आले. नितीन बरोबर होता. क्रूच्या रकान्यात त्यानं स्वतःचं लिहिलं, मला न विचारता.

तुम्ही गेल्यापासून जो भेटतो तो मला काही ना काही देऊन जातो, धीर, डबा, खुर्ची, रांगेत पुढचा नंबर. मी सगळ्यांचे आभार मानते, आणि मनापासून मानते. पण मला कोणी जागा देऊ नये याची काळजी माझ्या आयुष्यात एकाच माणसानं घेतली, आणि तो माणूस हे मला सांगायला लाजला.